तुकडा तपासायला पाठवला: बायोप्सीचा इतिहास

जिवंत माणसाच्या शरीरातून ऊतीचा लहानसा तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखायचा, याला बायोप्सी म्हणतात. स्तनातली गाठ साधी की कर्करोगाची, मानेतली गाठ क्षयाची की लिम्फोमाची, लघवीतून प्रथिने का जातात, अशा प्रश्नांचा निकाल आज बहुतेक वेळा या तुकड्यावरच लागतो. हा मान त्याला फार उशिरा मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निदान म्हणजे रोग्याची तक्रार, नाडी, ताप आणि डॉक्टरांचे हात-कान. रोग झालेली ऊती डोळ्यांनी पाहायची वेळ यायची ती रोगी दगावल्यावर, शवविच्छेदनाच्या टेबलावर.

त्या टेबलावरच या शास्त्राचा पाया घातला गेला. इटलीतील पादुआ विद्यापीठाचे जोव्हान्नी बात्तिस्ता मॉर्गान्यी यांनी १७६१ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, रोगांची शरीरातील ठिकाणे आणि कारणे यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे ७०० शवविच्छेदनांच्या नोंदी त्यात आहेत. प्रत्येक नोंदीत रोग्याने हयातीत काय सोसले आणि नंतर आत काय दिसले, यांची सांगड घातलेली आहे. रोग म्हणजे साऱ्या शरीरभर पसरलेला दोषांचा असमतोल, ही समजूत युरोपात दोन हजार वर्षे चालत आली होती. रोगाला एक ठिकाण असते, तो एखाद्या अवयवात बसलेला असतो, हे मॉर्गान्यींनी प्रकरणामागून प्रकरण मांडून दाखवले. पॅरिसच्या झाविए बिशा यांनी १८००च्या सुमारास हे ठिकाण आणखी आत नेले. अवयव अनेक प्रकारच्या ऊतींनी बनतो आणि रोग त्यांतली एखादीच ऊती धरतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ऊतींचे २१ प्रकार सांगितले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी ते वारले. विशेष म्हणजे हे सारे काम त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केले, सूक्ष्मदर्शकावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या काळच्या भिंगांतून प्रत्येक कडेभोवती रंगीत कडी दिसत, हे लक्षात घेतले तर त्यांचा अविश्वास अगदीच चुकीचा नव्हता.

१८३०मध्ये लंडनच्या जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी हा दोष कमी करणारी भिंगरचना मांडली आणि चित्र पालटले. हे लिस्टर व्यवसायाने मद्याचे व्यापारी होते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर त्यांचेच चिरंजीव. त्यानंतरच्या दहा वर्षांत वनस्पती आणि प्राणी पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत आला, आणि १८३८मध्ये बर्लिनच्या योहानेस म्युलर यांनी गाठींची सूक्ष्म रचना वर्णन करणारे पुस्तक काढले. म्युलर यांचे शिष्य रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५८मध्ये बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून पेशी हेच रोगाचे मूळ ठिकाण ठरवले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, तेव्हा रोगी पेशीही शरीरातल्याच कुठल्या तरी पेशीची वंशज असली पाहिजे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पॅथॉलॉजीचा आजचा प्रत्येक रिपोर्ट या एका गृहीतावर उभा आहे.

तरी शल्यचिकित्सकांना सूक्ष्मदर्शक लगेच पटला नाही. पॅरिसच्या वैद्यक अकादमीत १८५४-५५मध्ये यावर मोठा वाद झाला. कर्करोगाची म्हणून एक खास पेशी असते, ती दिसली की निदान झाले, असे सूक्ष्मदर्शकाचे कैवारी सांगत. आल्फ्रेड व्हेल्पो यांच्यासारखे मुरलेले शल्यविशारद आपल्या अनुभवावरून म्हणत की तशी पेशी दिसलेल्या काही गाठी पुन्हा उद्भवत नाहीत आणि न दिसलेल्या काही जीव घेतात. त्या वादात बरोबर निघाले ते शल्यविशारदच. एकट्या पेशीवर कर्करोगाचा शिक्का नसतो. पेशींची मांडणी कशी आहे, त्या शेजारच्या ऊतीत घुसल्या आहेत का, केंद्रके किती मोठी आणि किती गडद, विभाजन कुठे आणि किती चालले आहे, हे सगळे एकत्र पाहावे लागते.

याच सुमारास मुंबईतही सूक्ष्मदर्शक आणि रोग यांची गाठ पडली होती. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायला आले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या पाठ्यपुस्तकातील मूळ चित्रे त्यांचीच, आणि ते पुस्तक प्रसिद्ध झाले तेही त्याच वर्षी. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा एक रोग त्यांनी हाती घेतला. त्यात पाऊल सुजते, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून काळे किंवा फिकट कण बाहेर पडतात. कापून काढलेली पावले चिरून त्यांनी ते कण तपासले, तेव्हा त्यांत बुरशीचे धागे सापडले. ‘मायसेटोमा’ हे या रोगाचे नाव त्यांनीच दिले, आणि १८७४मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांच्या भारतातील कारकिर्दीतली बरीच वर्षे साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून गेली. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. कापलेल्या अवयवातून रोगाचे कारण शोधण्याचे या भागातले हे एक जुने उदाहरण म्हणावे लागेल.

ऊती पाहायची तर ती आधी टिकली पाहिजे, मग इतकी पातळ कापता आली पाहिजे की प्रकाश आरपार जाईल, आणि नंतर तिला रंग चढला पाहिजे. या तीन गोष्टी जुळून यायला साधारण तीस वर्षे लागली आणि त्या वेगवेगळ्या लोकांनी केल्या. रंगाचा धागा सर्वांत दूरचा. मेक्सिकोच्या कँपेचे भागातल्या एका झाडाचे लाकूड स्पॅनिश लोकांनी कापड रंगवण्यासाठी युरोपात नेले होते. त्यातून निघणारे हिमॅटॉक्सिलिन तुरटीबरोबर वापरले तर पेशीचे केंद्रक निळे-जांभळे होते, असे १८६५मध्ये ब्योमर यांनी दाखवले. इओसिन हा गुलाबी रंग १८७०च्या दशकातल्या जर्मन रंगउद्योगातून आला. तो केंद्रकाबाहेरचा भाग रंगवतो. १८७६पासून ही जोडी एकत्र वापरली जाऊ लागली आणि आजही जगभरातील बहुतेक स्लाइड याच जांभळ्या-गुलाबी रंगांत दिसतात. त्यानंतर शेकडो रंग निघाले, पण रोजच्या कामात या दोघांना कोणी हलवू शकले नाही.

१८६९मध्ये एडविन क्लेब्स यांनी ऊती पॅराफिन मेणात बसवली, म्हणजे मऊ तुकड्याला कापण्याजोगा कणखरपणा आला. त्याच सुमारास मायक्रोटोम हे काप घेण्याचे यंत्र सुधारत गेले. टिकवण्याचा प्रश्न सुटला तो काहीसा योगायोगाने. फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लूम फॉर्मालिनचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करत होते. त्यात काम करताना आपल्या बोटांची कातडी कडक होते हे त्यांच्या ध्यानात आले आणि १८९३मध्ये त्यांनी ऊती टिकवण्यासाठी फॉर्मालिन सुचवले. आजही तुकडा काढताक्षणी दहा टक्के फॉर्मालिनमध्ये टाकतात. तुकड्याच्या दहापट तरी द्रव असावा लागतो. मग अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे, पातळ मेण भरायचे, ब्लॉक थंड करायचा आणि तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. घाईत कोणी तुकडा सलाइनमध्ये ठेवला तर पेशी सडू लागतात, आणि मग कितीही अनुभवी पॅथॉलॉजिस्ट असला तरी त्याला सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

१८४६मध्ये भूल आली, १८६७मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रिया आली, तेव्हा जिवंत माणसाचा तुकडा काढणे सुसह्य झाले. बर्लिनचे कार्ल रूगे आणि योहान फाइट यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस गर्भाशयाच्या मुखावरचे व्रण याच पद्धतीने तपासले. कर्करोग समजून गर्भाशय काढण्याआधी तुकडा पाहावा, कारण यांतले बरेच व्रण कर्करोगाचे नसतातच, असा त्यांचा आग्रह होता. स्त्रीरोगतज्ज्ञांना तो रुचला नाही. १८७९मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेस्निए यांनी या तपासणीला ‘बायोप्सी’ हे नाव दिले. पुढे आठच वर्षांनी एका रोग्यामुळे ती युरोपभर गाजली, आणि बदनामही झाली.

हा रोगी म्हणजे जर्मनीचे युवराज फ्रीडरिश. १८८७च्या जानेवारीत त्यांचा आवाज बसला. स्वरयंत्रात लहानशी गाठ दिसली, ती डागून काढली तरी पुन्हा वाढली. मे महिन्यात एर्न्स्ट फॉन बेर्गमान आणि इतर जर्मन डॉक्टरांनी कर्करोगाचा संशय घेऊन गळा बाहेरून उघडायचे ठरवले. त्याआधी लंडनचे प्रख्यात घसातज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी यांना बोलावण्यात आले. युवराजांच्या पत्नी राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्या होत्या. मॅकेन्झींनी एकच अट घातली: पुरावा मिळाल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही. तोंडातून चिमटा घालून त्यांनी गाठीचे बारीक तुकडे काढले आणि ते तपासायला गेले थेट फिर्शो यांच्याकडे, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या अधिकारी माणसाकडे. फिर्शोंना त्यांत जाड झालेले अस्तर दिसले, कर्करोग दिसला नाही. पुढचे तुकडेही तसेच. शस्त्रक्रिया टळली आणि मॅकेन्झींना ‘सर’ हा किताब मिळाला.

नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे कर्करोगाबद्दल शंका उरली नाही. फेब्रुवारी १८८८मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. मार्चमध्ये वडील वारल्याने युवराज सम्राट झाले, आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला निवर्तले. शवविच्छेदन केले ते फिर्शोंनीच, आणि त्यात कर्करोग सिद्ध झाला. गादीवर दुसरे विल्हेल्म आले. जर्मन आणि इंग्रज डॉक्टरांत पुस्तिकांचे युद्ध जुंपले. उदारमतवादी फ्रीडरिश जगले असते तर युरोपचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता, असे म्हणायची तेव्हापासून प्रथाच पडली. मात्र त्या काळी स्वरयंत्रावरील शस्त्रक्रियाच अनेकांचा जीव घेत असे, हे तसे म्हणणारे सहसा लक्षात घेत नाहीत.

फिर्शोंवर चुकीच्या निदानाचा ठपका बसला. त्यांनी नेमके लिहिले काय होते, हे पाहिले तर तो ठपका टिकत नाही. आलेल्या तुकड्यांत रोग नाही, पण त्यावरून उरलेल्या गाठीबद्दल काही सांगता येणार नाही, असे त्यांनी जूनच्या अहवालात स्पष्ट म्हटले होते. चिमट्याला मिळाला तो वरचा थर, आणि कर्करोगाची खूण खाली होती, जिथे पेशी आपली हद्द ओलांडून आत घुसतात. वरून चामखिळीसारखा आणि निरुपद्रवी दिसणारा, खोल गेल्याशिवाय न ओळखू येणारा कर्करोगाचा एक प्रकार अमेरिकेतील लॉरेन अ‍ॅकरमन यांनी १९४८मध्ये वेगळा दाखवला. फ्रीडरिश यांची गाठ त्याच जातीची असावी, असे अलीकडच्या काही पॅथॉलॉजिस्टांचे मत आहे. अहवाल जपून लिहिला होता, पण वाचणाऱ्यांनी त्यातला हवा तेवढा भाग वाचला. ‘कर्करोग नाही’ आणि ‘या तुकड्यात कर्करोग नाही’ या दोन वाक्यांतले अंतर आजही अनेक नातेवाइकांना, कधी डॉक्टरांनाही, दिसत नाही.

दुसरी अडचण वेळेची होती. मेणाच्या पद्धतीला दिवस लागतात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर निर्णय मिनिटांत घ्यायचा असतो. बाल्टिमोरला १८९१मध्ये पॅथॉलॉजिस्ट विल्यम वेल्च यांनी शल्यविशारद हॉल्स्टेड यांच्यासाठी ऊती गोठवून काप घेऊन पाहिला, पण तो तयार होईपर्यंत हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया उरकली होती. १९०५च्या जानेवारीत मेयो क्लिनिकमध्ये शल्यविशारद विल्यम मेयो यांनी पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांना सांगितले की रोगी टेबलावर असतानाच उत्तर मिळाले पाहिजे. मिनेसोटाची थंडी कडाक्याची. विल्सन यांनी तुकडा खिडकीबाहेर धरून गोठवला, काप घेतला, मेथिलीन ब्लूने रंगवला आणि काही मिनिटांत उत्तर दिले. आता त्यासाठी क्रायोस्टॅट नावाचे थंड यंत्र असते आणि तपासणीला फ्रोझन सेक्शन म्हणतात. कापाचा दर्जा मेणाच्या कापाइतका चांगला नसतो, म्हणून अंतिम रिपोर्ट नंतरच येतो.

सुईने नमुना घेण्याचे एक जुने उदाहरण भारतातले आहे. विल्यम लीशमन यांना कोलकात्याजवळच्या डमडमहून परतलेल्या, काळा आजाराने मेलेल्या सैनिकाच्या प्लीहेत बारीक ठिपके दिसले होते. ते त्यांनी १९०३मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना तेच ठिपके शवविच्छेदनात मिळाले, आणि जूनमध्ये एका जिवंत मुलाच्या प्लीहेत सुई घालून काढलेल्या रक्तातही. ही मेल्यानंतरची कुजण नसून रोगाचा परजीवीच आहे, हे त्या सुईने सिद्ध केले. कर्करोगाच्या गाठीत सुई घालण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधून १९३०मध्ये पुढे आली, कारण तिथल्या काही डॉक्टरांना उघड बायोप्सीने रोग पसरेल अशी भीती वाटे. पण अमेरिकेत ती फारशी रुजली नाही. तिला नावारूपाला आणले स्वीडनने. मूत्रपिंडाची सुईने बायोप्सी १९५१मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी प्रसिद्ध केली, आणि १९५८मध्ये इटलीच्या मेंगिनी यांनी यकृतासाठी अशी सुई काढली की ती आत एखादा सेकंदच राहते.

मुंबईत पॅथॉलॉजीला संशोधनाची बैठक मिळाली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यामुळे. लंडन विद्यापीठाची एम. डी. घेऊन आलेले खानोलकर १९४१मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. येणाऱ्या तुकड्याला नुसते नाव देऊन ते थांबले नाहीत. हा रोगी कुठला, काय नेसतो, काय ओढतो, काय चघळतो, हेही ते विचारत. १९४५मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार जगापुढे मांडले. कमरेवर वर्षानुवर्षे धोतर घट्ट कसल्याने होणारा त्वचेचा, बिहारकडे ओठाआड खैनी ठेवल्याने होणारा, आणि आंध्रच्या किनाऱ्यावर पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा. पुढे नऊवारी-पाचवारीच्या घट्ट बांधणीने बायकांच्या कमरेवर होणारा तसाच कर्करोगही नोंदला गेला. स्लाइडवर हे सारे एकाच घराण्याचे, खवल्यासारख्या पेशींचे कर्करोग. त्यांचे कारण स्लाइडवर कुठेच लिहिलेले नव्हते, ते विचारल्यावर मिळाले. खानोलकरांच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा.

कुष्ठरोगातील मज्जातंतूंच्या सुरुवातीच्या बदलांचाही त्यांनी खोल अभ्यास केला. त्वचेच्या तुकड्यात जंतू किती आणि शरीराचा प्रतिकार किती, यावरून कुष्ठरोगाचे प्रकार लावण्याची रिडली आणि जॉपलिंग यांची पद्धत १९६६मध्ये आली, आणि संशोधनात ती आजही वापरात आहे. तोंड उघडता न येणारा, गालाच्या आतली बाजू पांढुरकी आणि ताठ करणारा सबम्यूकस फायब्रोसिस हा विकारही याच काळात समजला. १९५२मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत तो पाहिला, आणि १९५३मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे आजचे नाव रूढ केले. सुपारी हे त्याचे मुख्य कारण, आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. गुटख्याची पुडी स्वस्त झाल्यावर तो कॉलेजातल्या मुलांच्या तोंडापर्यंत आला.

रोजच्या तुकड्यांतून अगदी नवे काही सापडू शकते, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. लवचीक एंडोस्कोप आल्यावर जठराच्या बायोप्सी जगभर सर्रास होऊ लागल्या. १९७९मध्ये पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना अशा एका तुकड्यावर वाकड्या जंतूंची रांग दिसली. जठराच्या आम्लात जंतू जगत नाहीत असे पुस्तकांत छापलेले होते, त्यामुळे सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. दोन वर्षांनी बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर या जंतूमुळे होतात आणि प्रतिजैविकांनी बरे होतात, हे सिद्ध झाले. २००५चे नोबेल दोघांना मिळाले.

रंगाने जे दिसत नाही ते दाखवायला प्रतिपिंडे आली. हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१मध्ये प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ऊतीत नेमका पदार्थ हुडकला. १९६८मध्ये पॅरिसच्या झाँ बेर्जे यांनी याच रीतीने मूत्रपिंडाचा एक नवा रोग वेगळा काढला. साध्या रंगात तो इतर रोगांत मिसळून गेलेला होता. १९७५मध्ये केंब्रिजच्या क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची युक्ती काढली, आणि हे तंत्र रोजच्या प्रयोगशाळेत आले. त्याने रिपोर्टचे काम बदलले. स्तनाच्या कर्करोगात हर-टू हे प्रथिन जास्त आहे का, हे पाहिल्याशिवाय आता उपचार ठरत नाही. साधारण पाचातल्या एकीच्या गाठीत ते जास्त असते, आणि तिलाच १९९८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा उपयोग होतो. रोगाचे नाव सांगणारा रिपोर्ट औषधही सुचवू लागला.

हे सारे होत असताना जुना मेणाचा ब्लॉक मात्र जसाच्या तसा राहिला, आणि त्याची किंमत वाढतच गेली. १८३२मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी ज्या रोग्यांच्या गाठी वर्णन केल्या, त्यांतले काही नमुने, मेणाच्या पद्धतीच्या आधीचे असूनही, गाय्ज हॉस्पिटलच्या संग्रहालयात जपलेले होते. १९२६मध्ये त्यांचे काप तपासले, तेव्हा हॉजकिन यांचे निदान काही नमुन्यांत खरे ठरले. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या फुप्फुसांचे तुकडे वॉशिंग्टनच्या लष्करी पॅथॉलॉजी संस्थेत मेणात पडून होते. १९९७मध्ये जेफ्री टाउबेनबर्गर यांच्या गटाने त्यांतून त्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचले. त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी ते मेणात बसवणाऱ्याला विषाणू कसा असतो हेही ठाऊक नव्हते.

हीच गोष्ट घरच्या रोग्यालाही लागू पडते. दुसरे मत घ्यायचे असेल तर रिपोर्टचा कागद पुरत नाही. टाटा मेमोरियलसारखी रुग्णालये बाहेरच्या रोग्याचे मूळ ब्लॉक आणि स्लाइड मागवून स्वतः पुन्हा पाहतात, आणि नव्या तपासण्याही त्याच ब्लॉकवर होतात. म्हणून रिपोर्ट घेताना प्रयोगशाळेतून ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्याव्यात, आणि उन्हात मेण वितळणार नाही अशा ठिकाणी ठेवाव्यात.